पाणी कशात ठेवलं होतंस

नंदू, तुझे मासे जिवंत आहेत. हे आधी सांगते, कारण आत्ता तू असतास तर दारातूनच हे विचारलं असतंस. सुनीता रोज सकाळी चिमूटभर खाणं टाकते आणि तुझ्या टाकीसमोर उभी राहते. काल शेगडीवर तवा धुरकटला तरी तिला भान नव्हतं. मीच आत जाऊन गॅस बंद केला. तिला काही बोलले नाही. तुझी बायको आता बोलण्याच्या पलीकडं गेली आहे, आणि मला बोलायला तोंड नाही.

तेराव्याला चार दिवस होऊन गेले तरी लोक येतातच. बसतात, पाणी पितात, "कुणाच्याही हाकेला धावणारा पोरगा," म्हणतात. "उन्हाळ्यात आमच्या दारात ड्रम त्यानंच आणून टाकला हुता," असं कुणी म्हणालं की मी चहाचं निमित्त काढून आत जाते. लोकांना वाटतं, मोठी बहीण हाय, रडायला गेली. मी रडत नाही रे. मी भिंतीला पाठ लावून त्यांचं बोलणं संपायची वाट बघते.

माशांचं खूळ तुला कुठं लागलं ते मला ठाऊक आहे. रसायनीतल्या एका कंपनीच्या गेटवर टेंपो लावून पासची वाट बघत तू बसायचास, तिथल्या ऑफिसात काचेची मोठी टाकी होती. "ताई, आत एवढी शांती असते गं," म्हणालास एकदा. "मासा वळतो ना, त्याला हॉर्न मारायला लागत नाय." चाळिशीच्या माणसानं असं बोलावं म्हणून मी हसले होते. मग भंगारात तुला दोन फुटांची टाकी मिळाली, एका कोपऱ्यातून झिरपणारी. ती तू नव्या बाळासारखी गोधडीत गुंडाळून आणलीस. सुनीता म्हणाली, "डबे ठेवायला फळीवर जागा नाय, आणि यांना माशांचं घर बांधायचंय."

गणपती बुडाल्यावर तू कामाला लागलास. कोपरा खरवडून सिलिकॉन भरलंस. टाकी अंगणात कागदावर ठेवून तीन दिवस पाण्यानं भरून ठेवलीस, आणि येता-जाता कागद ओला झाला का ते बोटानं बघत राहिलास. नदीची जाड वाळू तांदूळ धुवावेत तशी धुतलीस, पाणी निवळ येईपर्यंत. बैठकीच्या खोलीत जिथं ऊन येत नाही तिथं टेबल लावलंस, वर थर्माकोल, वर टाकी. दहिवलीला मासे विकणारे ते मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी तुला सगळं पढवलं होतं. नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर असते, ती उडून जायला पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं. मग टाकी भरायची, हवेची मोटर आणि स्पंज लावायचा, आणि तीन आठवडे नुसतं पाणी चालू ठेवायचं. मासे सोडायची घाई करायची नाही.

"पाणी मुरतं म्हणे, लोणच्यासारखं," तू मला सांगत आलास. तुला त्या शब्दाची फार गंमत वाटली होती.

ते तीन आठवडे मला आता फार आठवतात. आत जीव नाही, नुसतं पाणी, बुडबुडे आणि एक छोटा दिवा. कामावरून आलास की तू त्यापुढं खुर्ची घेऊन बसायचास. शेजारचे विचारायचे, "नंदूशेट, मासे दिसत नाय आमाला, चष्मा लावू का?" तू हसायचास. आणि ते पाणी दोन दिवस मुरत पडलं होतं आपल्या न्हाणीजवळच्या निळ्या ड्रमात.

पहिले सहा गप्पी तू पिशवीसकट टाकीत तरंगत ठेवलेस, पाणी पाण्याला ओळखू दे म्हणालास. अर्ध्या तासानं सोडलेस. दिवेलागणीला मी बघायला आले तर सगळे वर येऊन तोंडं उघडत होते. एक जण आडवा होऊन स्वतःभोवती फिरत होता. "भूक लागली असंल," मी म्हणाले. सकाळी सहाही जण तू जास्वंदीखाली पुरलेस.

मास्तर म्हणाले घाई झाली. तू टाकी रिकामी केलीस, वाळू पुन्हा धुतलीस, ड्रममधलं पाणी पुन्हा भरलंस, पुन्हा तीन आठवडे वाट बघितलीस. या वेळी चारच आणलेस. ते दुपारपर्यंतसुद्धा टिकले नाहीत. त्या दिवशी तू जेवला नाहीस. सुनीता मला म्हणाली, "वन्सं, चार माशांसाठी माणूस असं करतो का?" मी तिला म्हणाले, खूळ आहे, जाईल.

तिसऱ्या वेळी मी तुझ्यासोबत होते. माझी कर्जतला अंगणवाडीची मिटिंग होती, येताना तू मला घ्यायला आलास आणि दहिवलीला टेंपो थांबवलास. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाळू, मोटर, दिवा, खाणं, एकेक विचारलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पाणी कशात ठेवता?"

"ड्रममधी."

"कसला ड्रम?"

"निळा. कंपनीचा. पण सोडा घालून धुतलाय मास्तर, तीन येळा. वाससुद्धा नाय."

"आधी त्यात काय होतं?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी दुसरीकडं बघितलं. मास्तरांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी आणखी चार मासे पिशवीत घातले, त्यांच्या कपाटातल्या दोन रिकाम्या बरण्या कागदात गुंडाळून दिल्या, आणि म्हणाले, "एकीत हंड्यातलं पाणी घ्या, एकीत ड्रममधलं. दोन्ही एकाच नळाचं, एकाच दिवशी भरलेलं. बसा आणि बघा."

दोन दिवस मासे मास्तरांनी दिलेल्या पाण्यातच ठेवले, आणि रविवारी दुपारी आपण तिघं बसलो. ओट्यावर दोन बरण्या. सुनीतानं चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत दोन्हींत काहीच फरक नव्हता, मला हायसं वाटायला लागलं होतं. आपण चहा प्यायलो. मी कप विसळून आले तोवर उजव्या बरणीतला एक मासा तळाशी टेकला होता, दुसरा काचेला तोंड लावून थरथरत होता. डाव्या बरणीतले दोघं शेपट्या हलवत फिरत होते. तू खाली बसून बघत होतास, डोळे बरणीच्या रेषेत. मग तू वर न बघता म्हणालास,

"ताई, हे पाणी आमी पितो गं."

सुनीतानं पदर तोंडाला लावला. नंतर तू म्हणालास, "किती जणांना दिले मी?" आणि बोटांवर नावं घ्यायला लागलास.

कंपन्यांचे रिकामे ड्रम भंगारवाल्याकडं पोचवायचे, हे तुझं काम. चांगला दिसेल तो तू बाजूला काढायचास, झाकण कापायचास, उघड्या हातांनी धुवायचास. आपल्याकडं पाऊस उदंड, पण होळीनंतर नळाला दिवसाआड पाणी, आणि डोंगराकडच्या वाडीत तर झरा गाठायला अर्धा तास उतरायचं. तिथं एक ड्रम म्हणजे बायांच्या चार खेपा वाचल्या. तू कुणाला नाही म्हणाला नाहीस. एकोणीस ड्रम होते. चुलत्यांच्या घरी, देवळाजवळच्या चहावाल्याकडं, वरच्या वाडीतल्या सोमीबाईकडं. आणि एक माझ्याकडं.

घरी नाही. माझ्या अंगणवाडीत. मीच मागितला होता तुझ्याकडून, आठवतं? "नंद्या, पोरांच्या खिचडीला पाणी पुरत नाय रं, एक चांगला बघून आण." तू सगळ्यात चांगला बघून आणलास. वर रंगीत झाकणही करून दिलंस.

त्याच संध्याकाळी तू माझ्या घरी आलास. ठरवून आला होतास. म्हणालास, "उद्यापास्नं एकेकाकडं जातो आणि खरं काय ते सांगतो. ड्रम फोडून टाका म्हणतो." आणि मी, तुझी मोठी बहीण, तुला खुर्चीत बसवून समजावलं. खरं सांगितलंस तर उद्या कुणाचं पोर तापलं तरी तुझ्या दारात येतील. कुणाची गाय मेली तरी. गाडीचं काम जाईल. सुनीताचा विचार कर, पोरीचा विचार कर. कंपनीला ड्रम परत पाहिजेत म्हण आणि गुपचूप गोळा कर, काम तेच होतंय ना?

तू म्हणालास, "ताई, तू अंगणवाडीत बायांना काय सांगतेस? पाणी गाळून प्या, उकळून प्या. मंग हे का नाय सांगायचं?"

"गप रं," मी म्हणाले. "उकळून हे जात नाय."

माझं हे वाक्य मला आता सोडत नाही. मला कळलं होतं सगळं, आणि तरी मी तुला गप केलं. सुनीताचं नाव घेतलं, पोरीचं घेतलं, पण माझ्या डोळ्यांपुढं खिचडीचं पातेलं आणि रांगेत बसलेली बत्तीस पोरं होती. मी माझी नोकरी वाचवत होते नंदू. तू कधी मला हे तोंडावर म्हणाला नाहीस. तुला कळलं नसेल असं नाही. कळूनही तू मान हलवलीस आणि "बरं, तू म्हणतेस तसं," म्हणून चप्पल घातलीस. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माझा ड्रम मी स्वतः घरंगळत नेऊन तुझ्या टेंपोत टाकला. मदतनीस बाईला म्हणाले, गळत होता.

मग तू ते खोटं गावभर घेऊन फिरलास. तुला खोटं बोलायची सवय नव्हती, लोकांना ते पटेना. "कंपनीला काय कमी हायत काय ड्रम? राहू दे रं एक," म्हणायचे. चुलत्यानं तर आतल्या खोलीत लपवला. तुला तिथं तीन खेपा माराव्या लागल्या. खरं सांगितलं असतं तर काकूनंच तो बाहेर फेकला असता. देवदिवाळीपर्यंत सतरा जमले. अठरावा चुलत्याचा, तो तू भांडून आणलास. ते सगळे एकेक करून कापून तू असे टाकलेस की कुणी उचलून पुन्हा पाणी भरू नये.

मधे एकदा तू टाकी पुन्हा लावलीस. मला वाटलं होतं फेकून देशील. पण या वेळी हंड्यातलं पाणी, नवी वाळू, नवा स्पंज, काच मिठानं घासलेली. तीन आठवडे वाट बघितलीस आणि मग मास्तरांकडून आठ मासे आणलेस. ते जगले. तू मला बोलावून दाखवलेस. मी म्हणाले, "झालं ना आता मनासारखं?" तू म्हणालास, "यांच्यामुळं कळलं गं. नायतर आपण काय, पीतच राहिलो असतो." मग हळूच, "सोमीबाईचा ऱ्हायलाय."

सोमीबाईकडं तू गेला होतास. तिचा ड्रम तिचा लेक बाळू वीटभट्टीवर घेऊन गेला होता, दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड घेऊन जातात तसा. कुठल्या भट्टीवर ते तिनं सांगितलं नाही, म्हणाली पावसाळ्याआधी येईल तवा घेऊन जा. तू पुन्हा जाणार होतास. तेवढ्यात तुझे डोळे पिवळे झाले.

दवाखान्याचं मी इथं लिहीत नाही. तुला तिथं काय झालं ते तुला माहीत आहे आणि मला विसरता येत नाही. पनवेलच्या डॉक्टरांना मी एकटी गाठून ड्रमचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. म्हणाले, लिव्हर खराब व्हायला बरीच कारणं असतात, हेच असं सांगता येणार नाही, नाहीच असंही सांगता येणार नाही. दोन्ही वाक्यं मी घरी घेऊन आले. ज्या दिवशी जसं सोसेल, त्या दिवशी तसं एक काढते.

शुद्धीवर होतास तोवर तू रोज एकच म्हणायचास. "ताई, सोमीबाईचा ड्रम." मी म्हणायचे, "तू बरा हो, मग आणू." शेवटी शेवटी तू नुसता माझ्याकडं बघायचास. मी उशी नीट करायचे.

तू गेल्यावर चौदाव्या दिवशी मी वाडीवर गेले. चढताना दोनदा बसले. सोमीबाई अंगणात वाल पाखडत होती. तुझं कळलं होतं तिला. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "लई चांगला व्हता." मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बरण्या, मासे, ड्रममध्ये आधी काय होतं ते कुणालाच ठाऊक नसणं, सगळं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझा भाऊ तर म्हणला कंपनीला पायजे."

"हो."

"कंपनीला पायजे म्हणून मी लेकाला कशाला त्रास देऊ? मला म्हणला असता पाणी खराब हाय, तर त्याच येळेला फोन केला असता. का नाय म्हणला?"

"मी म्हणू दिलं नाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होते. ती उठली, झोपडीत गेली, दारामागं कोळशानं लिहिलेला नंबर मला दाखवला आणि म्हणाली, "लाव. आन् तूच बोल."

फोन बाळूच्या बायकोनं उचलला. मी विचारलं, तुमच्याकडं निळा ड्रम आहे का, त्यातलं पाणी कोण पितं? ती म्हणाली, "सगळीच पित्यात. अकरा खोपट्या हायत. टँकर आला का त्यातच भरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा टेंपो काढला. माझ्या नवऱ्यानं चालवला, मधे सोमीबाई बसली, ती म्हणालीच मी येणार. भट्टी पनवेलच्या पुढं, रस्त्यापासून आत. ड्रम खोपट्यांच्या मधोमध, सावलीत, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. तू कापलेली कड मी लगेच ओळखली, पोरांचे हात कापू नयेत म्हणून तू ती वाकवून घ्यायचास. बाया-माणसं विटा टाकून आली. मी सांगितलं. मग सोमीबाईनं तिच्या बोलीत पुढचं सांगितलं. बाळूनं लाथेनं ड्रम आडवा केला. पाणी त्या लाल मातीत गेलं, सगळे बघत उभे राहिले.

मग एका बाईनं विचारलं, कडेवर वर्षाचं पोर होतं, "दोन महिनं झालं आमी पितोय. आता काय व्हईल?"

"मला माहीत नाय," एवढंच म्हणाले. नवरा म्हणाला निघू या, ऊन होतंय. मी निघाले नाही. त्या दिवशीच टेंपोच्या दोन खेपा करून सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त घेतलं, पोरांचंही. दोन पोरांच्या डोळ्यांत त्यांनी बॅटरी मारून जरा जास्त वेळ बघितलं. मी विचारलं, पिवळे आहेत का? त्या म्हणाल्या, रिपोर्ट येऊ द्या. रिपोर्ट सोमवारी येणार आहेत. मी जाणार आहे, सोमीबाईलाही घेऊन.

तुला सांगायचं राहिलं होतं ते हे. तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझ्यावर कितीदा खूष झाले आहे आयुष्यात. शाळा सोडू नको म्हणाले तर दोन वर्षं जास्त टिकलास, सुनीताला बघून ये म्हणाले तर बघून आलास. या एका गोष्टीत तू माझं ऐकायला नको होतंस रे. आणि मी तुझं ऐकायला हवं होतं.

हे मी अंगणवाडीत बसून लिहिते आहे. आज पोरांना लवकर सोडलं आणि आयांना बोलावलं आहे, बत्तीसच्या बत्तीस. मदतनीस बाई दोनदा विचारून गेली, "ताई, कसली मिटिंग?" तिलाही सांगितलेलं नाही, तीही त्यांच्यातच बसणार आहे. सतरंज्या घातल्या आहेत. बाहेर चपला काढल्याचा आवाज येतोय, कुणीतरी हसतंय. मी वही मिटते आणि उठते.